तीन थापा: स्टारकेड १९९७ आणि हातचा निकाल

रेफरी निक पॅट्रिक गुडघ्यावर बसतो, छाती मॅटला लावतो आणि उजव्या तळव्याने मॅटवर थाप मारतो. हात वर, दुसरी थाप. पुन्हा हात वर, तिसरी. खाली स्टिंग उताणा पडलाय, अंगावर हल्क होगन. तिसऱ्या थापेपर्यंत खांदा उचलला नाही, तर खालचा हरला. २८ डिसेंबर १९९७, वॉशिंग्टन डी.सी.चं एमसीआय सेंटर. उद्घाटनाला महिनाही न झालेलं हे स्टेडियम खच्चून भरलंय. घरोघरी लोकांनी वेगळे पैसे मोजून स्टारकेड हा कुस्तीचा कार्यक्रम लावलाय. या तीन थापा घाईघाईत, बेइमानीने पडायच्या होत्या. पुढची सगळी गोष्ट त्या घाईवर उभी होती. पण त्या पडल्या नेहमीच्याच ठेक्यात, रोजच्या कुठल्याही लढतीत पडतात तशा.

व्यावसायिक कुस्तीच्या, म्हणजे आपण सरसकट ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ म्हणत आलो त्या खेळाच्या इतिहासात सर्वांत जास्त चर्चा झालेल्या निकालांपैकी हा एक. त्यावर ‘होगनने वाट लावली’ या तीन शब्दांत बोळवण करण्याची पद्धत आहे. मला ती पुरेशी वाटत नाही. ही लढत मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यातले आवाजही पाठ झालेत, आणि प्रत्येक वेळी मला दोष एका माणसात कमी आणि निकालाच्या बांधणीत जास्त दिसला आहे.

आधी स्टारकेड म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते भरवणारी डब्ल्यूसीडब्ल्यू ही कंपनी डब्ल्यूडब्ल्यूएफइतकी घराघरांत पोहोचली नाही. आपल्यापैकी अनेकांनी होगनला पहिल्यांदा पाहिलं ते पत्त्यांवर, उंची-वजन-छाती-दंड असे आकडे छापलेल्या त्या ट्रम्प कार्डांवर. तो पिवळ्या बनियनमधला, लहान मुलांना जीवनसत्त्वं घ्या म्हणून सांगणारा होगन. या गोष्टीतला होगन वेगळा आहे, त्याच्याकडे येतोच.

पहिलं स्टारकेड २४ नोव्हेंबर १९८३ ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये झालं. जिम क्रॉकेट प्रमोशन्सचा कार्यक्रम. रिक फ्लेअरने लोखंडी पिंजऱ्यात हार्ली रेसला हरवून जागतिक किताब घेतला, आणि दुसऱ्या शहरांतल्या सभागृहांमध्ये पडद्यावर तो थेट दाखवला गेला. डब्ल्यूडब्ल्यूएफचं पहिलं रेसलमेनिया व्हायला तेव्हा अजून सोळा महिने होते. दक्षिणेकडच्या राज्यांत स्टारकेड हे कुटुंबाने सणाला जाऊन बघायचं काहीतरी झालं. १९८७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने नेमक्या त्याच दिवशी सर्व्हायव्हर सिरीज सुरू केली आणि केबल कंपन्यांपुढे ‘आमचा दाखवा नाहीतर त्यांचा’ असा पेच टाकला. बहुतेकांनी क्रॉकेटना सोडलं. पुढच्या वर्षी क्रॉकेटनी धंदा टेड टर्नर यांना विकला, तोच डब्ल्यूसीडब्ल्यू झाला, आणि स्टारकेड सरकून डिसेंबरात आलं. तेव्हापासून ते वर्षअखेरचं झालं आणि तसंच राहिलं.

वर्षअखेर या शब्दाला इथे वजन आहे. दर सोमवारी ‘नायट्रो’ हा कार्यक्रम केबलवर वेगळे पैसे न देता दिसायचा. त्यात भांडणं लागायची, वचनं दिली जायची, अर्धवट सोडली जायची. पे-पर-व्ह्यू म्हणजे त्या एका रात्रीसाठी केबल कंपनीला वेगळे पैसे मोजायचे आणि सोमवारी सुरू झालेलं भांडण मिटताना बघायचं. दर महिन्याला एक पे-पर-व्ह्यू असायचा, पण वर्षाची मोठी उधारी फेडायची ती स्टारकेडला. प्रेक्षकाने आधी वेळ दिलेला असतो, मग पैसे देतो आणि मग निकाल मागतो.

१९९७ ची उधारी फार मोठी होती.

७ जुलै १९९६ ला फ्लोरिडातल्या डेटोना बीच या शहरात होगन खलनायक झाला. बारा वर्षं अमेरिकेतल्या मुलांचा देव असलेला माणूस स्कॉट हॉल आणि केविन नॅश यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि तिघांनी मिळून ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’, एनडब्ल्यूओ, काढली. रिंगमध्ये कचरा, पेले, बाटल्यांचा पाऊस पडला. काळे कपडे, रंगवलेली काळी दाढी, ‘हॉलिवूड’ होगन. पुढच्याच महिन्यात त्याने किताबही घेतला आणि पट्ट्यावर स्प्रेने आपल्या टोळीची अक्षरं रंगवली.

स्टिंग हा डब्ल्यूसीडब्ल्यूचा घरचा माणूस. नव्वदच्या दशकात एकेक तारा डब्ल्यूडब्ल्यूएफकडे जात असताना तो गेला नाही. सोनेरी केस, रंगीबेरंगी चेहरा, आरोळ्या. सप्टेंबर १९९६ मध्ये एनडब्ल्यूओने एका नकली स्टिंगकडून लेक्स लुगरला मारहाण करवली, आणि स्टिंगच्या सोबत्यांनी ती खरी मानली. ज्यांच्यासाठी तो इतकी वर्षं उभा राहिला त्यांनीच शंका घेतली. दुसऱ्या आठवड्यात तो नायट्रोवर आला, मुख्य कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि तसाच पाठमोरा बोलला की आता मी कुणाचाच नाही. मला हा प्रसंग या सगळ्या कहाणीत सर्वांत सुंदर वाटतो. तक्रार करायला कुस्तीगीर नेहमी कॅमेऱ्याच्या नाकावर येऊन ओरडतात. याने फक्त पाठ फिरवली.

त्यानंतर तो बोलायचा थांबला. महिनाभरात परतला तेव्हा चेहरा पांढरा, डोळ्यांभोवती काळं, अंगात लांब काळा कोट, हातात बेसबॉलची बॅट. वर्षभराहून जास्त काळ त्याने टीव्हीवर एकही लढत केली नाही. स्टेडियमच्या वरच्या अंधाऱ्या रांगांत, छताच्या तुळयांवर उभा राहून तो खाली बघायचा. कुणाच्या हातात बॅट द्यायचा आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचा, की बघू, मारतोस का. मार्च १९९७ च्या ‘अनसेन्सर्ड’मध्ये तो छतावरून दोराने उतरला आणि एकट्याने एनडब्ल्यूओला झोडपलं, तोवर तो नक्की कुणाच्या बाजूचा हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे कंपनीचे अधिकारी म्हणून जे. जे. डिलन एकेका प्रतिस्पर्ध्याचं नाव घालून कराराचे कागद त्याच्यापुढे धरायचे आणि तो नाकारायचा. शेवटी प्रेक्षकांनीच ओरडून सांगितलं, त्याला होगन हवाय.

दोराने उतरणं टीव्हीवर जादूसारखं दिसायचं, प्रत्यक्षात ते कष्टाचं आणि धोक्याचं काम होतं: कोटाच्या आत पट्ट्यांचं जू, उंचावर वाट बघत उभं राहणं, खाली पोहोचल्यावर स्वतःला सोडवून घेणं. मे १९९९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये अशाच एका उतरण्याच्या तयारीत ओवेन हार्ट कॅन्सस सिटीत उंचावरून पडून मरण पावला. त्यानंतर स्टिंगचे ते जुने प्रसंग बघताना माझी नजर आधी दोराकडे जाते.

मुद्दा असा की पंधरा महिने एक माणूस न लढता, न बोलता या कंपनीचा सर्वांत लोकप्रिय माणूस राहिला. त्याने प्रेक्षकांना एकच गोष्ट मागायला शिकवलं होतं. किताबाचा पट्टा दुय्यम होता. होगनला कुणीतरी निर्विवादपणे पाडावं, एवढंच हवं होतं.

आपल्या तालमीत यासाठी नेमका शब्द आहे: निकाली कुस्ती. कोल्हापूरच्या खासबागेत बसलेल्या माणसाला विचारा, गुणांवरचा विजय आणि समोरच्याला आसमान दाखवणं यात काय फरक असतो. पाठ टेकली की नाही यावरून किती जीव जळतो हे फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. निकाल मान्य नसलेला मल्ल पंचावर धावून गेला. ती खरी झुंज होती आणि अमेरिकन व्यावसायिक कुस्ती आधी ठरवलेली असते, आपल्या भाषेत नुरा. पण नुरा कुस्तीच्या प्रेक्षकालाही निकालच हवा असतो. लढत ठरवून झाली याचं त्याला दुःख नसतं. ठरवायची मोकळीक असूनही निकाल स्वच्छ दिला नाही, तर मात्र तो दुखावतो, आणि ते दुखावणं मला पूर्णपणे रास्त वाटतं. खऱ्या कुस्तीत वादग्रस्त निकाल हा अपघात असू शकतो. इथे तो कुणीतरी बसून लिहिलेला असतो.

आता ती रात्र.

पहिली लढत एडी गरेरो विरुद्ध डीन मलेंको, हलक्या वजनाच्या किताबासाठी. कसबी, पण तापायला वेळ घेणारी. गोल्डबर्ग तेव्हा नवा होता, त्याने स्टीव्ह मॅकमायकेलला संपवलं. डायमंड डॅलस पेजने कर्ट हेनिगकडून अमेरिकेचा किताब घेतला. स्टेडियम खऱ्या अर्थाने उसळलेल्या थोड्या जागांपैकी ही एक. बाकी रात्रभर एनडब्ल्यूओची माणसं जिंकत राहिली. बफ बॅगवेलने लुगरला हरवलं, सहा जणांच्या लढतीत रँडी सॅव्हेजच्या बाजूने स्टायनर बंधूंच्या बाजूला हरवलं. केविन नॅश विरुद्ध द जायंट (पुढे आपण ज्याला बिग शो म्हणून ओळखलं तो) ही लढत जाहीर झाली होती. नॅश आलाच नाही. स्कॉट हॉलने बाहेर येऊन तसं सांगितलं आणि जायंटने त्याला उचलून आपटलं, एवढ्यावर भागवलं.

डब्ल्यूडब्ल्यूएफमधून आलेल्या ब्रेट हार्टचं तिथे असणं नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा गुंता तिथून सुरू होतो. सात आठवड्यांपूर्वी, ९ नोव्हेंबरला, मॉन्ट्रियलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक व्हिन्स मॅकमन याने ब्रेटशी ठरलेला निकाल त्याच्या पाठीमागे बदलला. शॉन मायकल्सने ब्रेटला शार्पशूटरमध्ये, म्हणजे पालथं पाडून पाय मुडपायच्या डावात धरलं, ब्रेटने हार मानली नव्हती, तरी मॅकमनने घंटा वाजवायला लावली. ही नुरा नव्हती. तो खरोखरीचा विश्वासघात होता, आणि जगभरचे कुस्तीप्रेमी त्यावर बोलत होते. ब्रेट डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये आला. तो लगेच लढू शकत नव्हता, म्हणून स्टारकेडला त्याला पाहुणा रेफरी केलं, तेही जुना मल्ल लॅरी झबिस्को विरुद्ध कंपनीचा प्रमुख आणि कथेत एनडब्ल्यूओचा माणूस असलेला एरिक बिशॉफ या शेवटून दुसऱ्या लढतीत. नायट्रोवर ताबा कुणाचा, अशी त्या लढतीची पैज होती. ब्रेटने तिथे बिशॉफला ठोसा मारला, हॉलला शार्पशूटर लावला, झबिस्कोला विजयी केलं. इथवर ठीक.

मग शेवटची लढत. अंधार, विजांचा कडकडाट, धीरगंभीर निवेदन. आणि स्टिंग रॅम्पवरून चालत आला. वर्षभर ज्या छताकडे लोक माना वर करून बघत होते, त्या छतावरून तो त्या रात्री उतरला नाही. यामागे सुरक्षेचं वा सोयीचं काही कारण असू शकेल, पण स्टेडियममधल्या हजारो नजरा वर गेल्या आणि रिकाम्या परत आल्या, हे पडद्यावरही जाणवतं.

घंटा झाली. होगनने वेळ काढला, रिंगभोवती फिरला, ते त्याचं नेहमीचं होतं आणि योग्यही होतं. भित्रा खलनायक तसाच वागतो. पण नंतर लढत त्याच्याच हातात राहिली. पंधरा महिने कोंडून ठेवलेला स्टिंग सुटल्यासारखा वाटलाच नाही. तो अंगाने रोड झालेला, हालचालीत मंद, जणू कुठेतरी दुसरीकडे असलेला दिसतो. त्या काळात आपलं खासगी आयुष्य अडचणीत होतं, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे. सगळी लढत मिळून बारा-तेरा मिनिटांची. त्यात स्टिंगची म्हणावी अशी मिनिटं फार थोडी.

मग होगनची ती ठरलेली लाथ तोंडावर, दोरीपर्यंत धाव, आणि लेग ड्रॉप, म्हणजे उडी मारून पडलेल्याच्या गळ्यावर पाय आपटणं. पॅट्रिक खाली बसला.

रेफरीच्या थापेला ठेका असतो. थाप, उचल, थाप, उचल, आणि तिसऱ्या थापेच्या अगदी तोंडावर खालचा मल्ल खांदा उचलतो. वर्षानुवर्षं बघणाऱ्याच्या कानात तो ठेका बसलेला असतो, तबल्याची एक मात्रा चुकली की रसिक मान वर करतो तसा. म्हणून ‘घाईची मोजणी’ हा डाव चालतो: ठेका मुद्दाम मोडायचा, तीन थापा एका श्वासात मारायच्या, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं की रेफरी विकला गेला. पॅट्रिक एनडब्ल्यूओच्या बाजूचा रेफरी म्हणून आधीच बदनाम होता. तेव्हा रचना अशी की तो घाईने मोजेल, होगन जिंकल्यासारखा होईल, ब्रेट धावत येईल, मॉन्ट्रियलमध्ये माझ्याबाबत झालं ते इथे होऊ देणार नाही म्हणेल, लढत पुन्हा सुरू करेल, आणि स्टिंग जिंकेल.

ठेका मोडला नाही. एक, दोन, तीन. आणि स्टिंगने खांदा उचलला नाही. मोजणी घाईची असती तर त्याचं पडून राहणं रास्त होतं, त्याला वेळच मिळाला नसता. सरळ मोजणीत तेच पडून राहणं म्हणजे तो हरला. ज्याच्यासाठी पंधरा महिने वाट बघितली तो स्वच्छपणे, वादाला जागा न ठेवता हरला, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

ब्रेट मात्र ठरल्याप्रमाणेच आला. त्याने घंटा वाजवणाऱ्याला थांबवलं, पॅट्रिकला ठोसा मारला, निघालेल्या होगनला परत रिंगमध्ये ढकललं आणि स्वतः रेफरी झाला. स्टिंगने कोपऱ्यात होगनवर झेप घेतली, मग स्कॉर्पियन डेथलॉक लावला. गंमत नव्हे, पण नोंदवण्यासारखी गोष्ट: हा डाव आणि ब्रेटचा शार्पशूटर एकच, नावं दोन. होगनने हार मानली. डब्ल्यूसीडब्ल्यूचे मल्ल रिंगमध्ये धावले, स्टिंगच्या हातात पट्टा आला. आरडाओरडा झाला, होणारच होता. लोकांना आनंद व्हायला हवा होता म्हणून ते आनंदले. पण तुकडा पुन्हा लावून बघा. अन्याय होगनवर झालेला दिसतो. जिंकलेल्या माणसाला अडवून, त्याला परत ओढून आणून, दुसऱ्याच रेफरीने हरवलं. खलनायकाच्या तोंडी खरी तक्रार आली, आणि नायकाच्या हाती उसना पट्टा.

हे कसं झालं यावर संबंधितांनी आपापलं सांगितलंय. पॅट्रिकचं म्हणणं, आपल्याला दोन बाजूंनी दोन उलट सूचना मिळाल्या, एकीकडून घाईने मोज आणि दुसरीकडून सावकाश. बिशॉफचं म्हणणं, स्टिंग त्या दिवशी शरीराने आणि मनाने तयार होऊन आलाच नव्हता, म्हणून आधीचा बेत बदलावा लागला. होगनच्या करारात आपल्या लढतींच्या निकालाला संमती देण्याचा अधिकार असल्याचं तर पुढे २००० सालच्या एका वादावरून झालेल्या खटल्यात न्यायालयापुढेही आलं. ज्याला पाडायचं त्याचीच सही लागणार असेल, तर निकाल लिहिणाऱ्याचा हात आखडतोच.

पण समजा, पॅट्रिकने घाईने मोजलं असतं. सगळं बेतानुसार झालं असतं. तरी काय मिळालं असतं? होगनची पाठ टेकली, प्रश्न संपला, असं नाही. आधी रेफरीचा घोटाळा, मग पाहुण्याचा हस्तक्षेप, मग विजय. त्यातला सर्वांत मोठा क्षण ब्रेटचा, स्टिंगचा नव्हे. मॉन्ट्रियलची जखम ताजी होती, ती वापरायचा मोह मी समजू शकतो. सगळे त्याबद्दलच बोलत होते. पण ती ब्रेटची गोष्ट होती, तिचा हिशेब शॉन मायकल्सशी आणि मॅकमनशी. स्टिंगच्या गोष्टीला तिची गरज नव्हती. एवढा मोठा डोलारा एका रेफरीच्या तळव्याच्या वेगावर टांगणं, हीच मूळ चूक. तो एक खिळा निसटला आणि सगळं खाली आलं. तो घट्ट बसला असता तरी डोलारा वाकडाच राहिला असता.

सरळ निकाल अवघडही नव्हता. होगनने वेळ काढावा, फसवावं, टोळीने दोनदा यावं. पॅट्रिकला रिंगमधून बाहेर फेकून द्यावं आणि दुसरा कुठलाही साधा रेफरी आणावा. स्टिंगने सगळ्यांना बॅटने झोडपावं, लेग ड्रॉप खाऊन दोनाच्या थापेला खांदा उचलावा. त्या एका खांद्यासाठी स्टेडियमचं छत उडालं असतं. मग डेथलॉक, मग होगनचा हात मॅटवर. स्टिंग कितीही थकलेला असो, इतकं त्याच्याने नक्की झालं असतं. शेवटचा डेथलॉक त्याने त्या रात्रीही लावलाच की.

पैशाच्या बाजूने ही रात्र अपयशी नव्हती, उलट. बाय रेट १.९ आला, म्हणजे पे-पर-व्ह्यू घेऊ शकणाऱ्या दर शंभर घरांपैकी जवळजवळ दोन घरांनी तो विकत घेतला. डब्ल्यूसीडब्ल्यूने आयुष्यात विकलेला हा सर्वांत मोठा कार्यक्रम. इतक्या लोकांपुढे स्वच्छ निकाल द्यायची संधी कंपनीला पुन्हा आली नाही.

दुसऱ्या दिवशी बाल्टिमोरच्या नायट्रोत लगेच फेरलढत ठेवली, आणि ती चालू असतानाच कार्यक्रमाची वेळ संपली. राहिलेला भाग ८ जानेवारीला ‘थंडर’ या नव्या कार्यक्रमात दाखवला आणि त्याच दिवशी डिलननी किताब रिकामा जाहीर केला. पंधरा महिन्यांची वाट, अकरा दिवसांचा पट्टा. २२ फेब्रुवारीला सॅन फ्रान्सिस्कोत स्टिंगने होगनला पुन्हा हरवून तो मिळवला, तोही सॅव्हेजच्या मदतीने. एप्रिलमध्ये गमावला सॅव्हेजकडे, आणि दुसऱ्याच दिवशी तो परत होगनच्या कमरेला. वर्तुळ पूर्ण.

‘डब्ल्यूसीडब्ल्यू त्या रात्री मेली’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. १९९८ त्यांचं भरभराटीचं वर्ष होतं. ६ जुलैला अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये गोल्डबर्गने होगनला सरळ पाडलं, निकाली, आणि ते प्रचंड स्टेडियम वेडं झालं. स्टिंगला द्यायला हवा होता तोच निकाल दुसऱ्याला मिळाला. पण १३ एप्रिल १९९८ ला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘रॉ’ या सोमवारच्याच कार्यक्रमाने प्रेक्षकसंख्येत नायट्रोला ८३ आठवड्यांनी पहिल्यांदा मागे टाकलं. त्याआधी पंधरा दिवस, २९ मार्चला, रेसलमेनियात माइक टायसनच्या हाताने मोजलेल्या तीन थापांवर स्टीव्ह ऑस्टिन विजेता झाला होता. तिथेही पाहुणा होता, तिथेही त्याच्या बाजूबद्दल शंका होती. पण ऑस्टिनने शॉनला पाडलं आणि टायसनने नीट मोजलं. पाहुणा कसा वापरायचा याचा तो धडाच.

डब्ल्यूसीडब्ल्यूला मात्र वाकड्या निकालाची सवय लागली. त्यानंतरची तिन्ही स्टारकेड त्याच एमसीआय सेंटरमध्ये झाली. १९९८ मध्ये गोल्डबर्गची अजिंक्य घोडदौड स्कॉट हॉलने विजेचा झटका देणारं यंत्र वापरल्यावर संपली. १९९९ मध्ये गोल्डबर्ग विरुद्ध खुद्द ब्रेट हार्ट. ब्रेटने शार्पशूटर लावला, गोल्डबर्गने हार मानली नाही, आणि पाहुणा रेफरी रॉडी पायपरने घंटा वाजवायला लावली. मॉन्ट्रियल पुन्हा, या वेळी ब्रेटला लाभार्थी करून. त्याच लढतीत गोल्डबर्गची एक लाथ ब्रेटच्या डोक्याला लागली, मेंदूला इजा झाली, आणि त्याची कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. दोन वर्षांपूर्वी याच इमारतीत त्याने घंटेवरचा हात अडवला होता, हे आठवलं की मला तो भाग बघवत नाही.

डब्ल्यूसीडब्ल्यूचं शेवटचं स्टारकेड १७ डिसेंबर २००० ला झालं. मार्च २००१ मध्ये मॅकमनने कंपनीच विकत घेतली. २६ मार्चला फ्लोरिडात पनामा सिटी बीचवर शेवटचं नायट्रो झालं, आणि त्यातली शेवटची लढत होती स्टिंग विरुद्ध रिक फ्लेअर, पहिल्या स्टारकेडचा विजेता. फ्लेअर टी-शर्ट घालून लढला. कुणी धावत आलं नाही, मोजणीवर वाद झाला नाही. स्टिंगने स्कॉर्पियन डेथलॉक लावला, फ्लेअरने हार मानली, घंटा वाजली, आणि दोघांनी मॅटवरच एकमेकांना मिठी मारली.